इ. स. १९९९ च्या एका पत्रांतील ‘जन्मसिद्ध’ या शब्दाची चिकित्सा

पन्नास वर्षांच्या आंतला कागद हा कागदच नव्हे, असें आमच्या संग्राहक मित्रांपैकीं पुष्कळांचें मत आहे. अक्षर मोडी असावें, कागद जुन्नरी किंवा दौलताबादी असावा, निदान एखादा शिक्का तरी उमटलेला असावा, मगच त्यावर शाई खर्च करावी, हा त्यांचा दंडक सामान्यतः योग्यही आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही तो मोडीत आहों. ज्या पत्राचें परीक्षण येथें करावयाचें आहे तें इंग्रजींत असून त्याची तारीख १५ मे १९९९ (शके १९२१) आहे. परंतु जुने कागद कसरीच्या तोंडून जसे वांचले, तसे अलीकडचे कागद रद्दीवाल्याच्या तराजूंतून वांचतील अशी खात्री नाहीं. त्या सालचीं प्रचारपत्रकें गोंदियाच्या बाजारांत किलोच्या भावानें जातांना आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत. शिवाय ज्या जिल्ह्यांत बसून आम्ही हें लिहीत आहों, तो गोंदिया जिल्हा भंडाऱ्यांतून वेगळा निघाला १ मे १९९९ रोजीं, म्हणजे या पत्राच्या चौदा दिवस आधीं. जिल्ह्याचें आणि या वादाचें जन्मवर्ष एक, जन्ममासही एक. तेव्हां त्याची दखल येथून घेतली जाणें अनुचित होणार नाहीं.

पत्र लिहिणारे तिघे : शरद पवार, पूर्णो संगमा व तारिक अन्वर. पत्र काँग्रेसच्या तत्कालीन अध्यक्षा सोनिया गांधी यांस उद्देशून लिहिलेलें आहे. त्याचा आशय थोडक्यांत असा : राष्ट्रपति, उपराष्ट्रपति व पंतप्रधान हीं तीन पदें जन्मसिद्ध भारतीय नागरिकांसच मिळावींत अशी घटनादुरुस्ती पक्षानें आपल्या जाहीरनाम्यांत सुचवावी, आणि ती सूचना स्वतः अध्यक्षांनीं मांडावी. कारण उघड होतें. सोनिया गांधी यांचा जन्म इटलींतला. विवाहामुळें येथें येऊन ३० एप्रिल १९८३ रोजीं त्या नोंदणीनें भारताच्या नागरिक झालेल्या होत्या. २० मे रोजीं तिघांसही पक्षांतून काढण्यांत आलें. १० जून रोजीं राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष निघाला व त्याच्या प्रारंभापासूनच्या मंडळींत गोंदियाचे प्रफुल्ल पटेल हे होते. एका विशेषणावरून महाराष्ट्रांतला जुना पक्ष दुभंगला, हें लक्षांत घेतां त्या विशेषणाची कुळी तपासणें हें संशोधकाचें काम ठरतें. लेखकांच्या मनांत काय होतें याची चर्चा आम्ही करणार नाहीं. ती करणारे पुष्कळ आहेत, आणि मनांतल्या गोष्टींस अस्सल पुरावा बहुधा नसतो.

या मागणीच्या पाठीशीं जो युक्तिवाद वारंवार उभा केला गेला तो असा, कीं अमेरिकेच्या घटनेंत अध्यक्षास जन्मसिद्ध नागरिकत्वाची अट आहे. आमच्या घटनाकारांनीं ती घालावयास हवी होती, पण ती राहून गेली. पोथीच्या भाषेंत सांगावयाचें तर हा लेखकप्रमाद होय. मूळ प्रतींत शब्द होता, नक्कल करणाऱ्याच्या हातून गळाला, आतां तो समासांतून आंत घ्यावा. पाठचिकित्सा करणाऱ्यास असे प्रसंग नित्याचे आहेत, आणि अशा वेळीं तो तीन गोष्टी पाहतो : मूळ प्रतींत शब्द कसा आला, नकलेंत तो खरोखर गळाला कीं गाळला, व आतां आंत घेतल्यास संदर्भास जुळतो कीं नाहीं.

प्रथम मूळ प्रत पाहूं. अमेरिकेची घटना १७८७ च्या उन्हाळ्यांत फिलाडेल्फियास तयार होत होती. सभेचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन होते. २५ जुलै १७८७ रोजीं जॉन जे या मुत्सद्द्यानें न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनास एक खासगी पत्र धाडलें. त्यांत त्यानें सुचविलें कीं राष्ट्राच्या कारभारांत परक्यांच्या प्रवेशास भक्कम आळा घालावा, आणि सेनेचें आधिपत्य जन्मसिद्ध नागरिकावांचून कोणाच्याही हातीं जाऊं नये असें स्पष्ट लिहावें. या पत्राची जी गोष्ट आमच्या वाचकांस विशेष रुचेल ती ही, कीं ‘जन्म’ दाखविणाऱ्या शब्दाखालीं जे यानें स्वहस्तें रेघ ओढलेली आहे. छापील घटनेंत ती रेघ कोठें असणार ? ज्यानें मूळ हस्ताक्षर पाहिलें त्यासच लेखकाचा भर कशावर होता हें कळतें. मूळ कागदाचा आग्रह धरणाऱ्यांस संशोधनाचे सोंवळे म्हणून हिणवलें जातें. त्यांच्या बाजूनें हें एक चांगलें उदाहरण आहे.

या पत्राचा परिणाम तारखांवरून ताडतां येतो. २२ ऑगस्टच्या मसुद्यांत अध्यक्षासाठीं पस्तीस वर्षें वय, केवळ नागरिकत्व आणि एकवीस वर्षांचा रहिवास एवढेंच होतें. २ सप्टेंबरास वॉशिंग्टननें जे याच्या सूचनांबद्दल आभार मानले. ४ सप्टेंबरास समितीकडून आलेल्या मसुद्यांत नागरिकाच्या मागें ‘जन्मसिद्ध’ हें विशेषण बसलेलें दिसतें व रहिवास चौदा वर्षांवर आलेला दिसतो. ७ तारखेस कलम वादावांचून मान्य झालें. शब्द कां घातला याची चर्चा सभेच्या टिपणांत नाहीं. म्हणजे ज्या अटीचें आज एवढें माहात्म्य सांगतात, ती मूळ प्रतींतही एका खासगी पत्राच्या वाटेनें, बिनचर्चेची आलेली आहे. जे याच्या पत्राचाच हा परिणाम, असें निश्चयानें म्हणतां येणार नाहीं. पण आठवड्याभरांतील या तारखा बोलक्या आहेत.

त्याच कलमांत एक अपवाद आहे, आणि आमच्याकडील वादांत त्याचा उच्चार फारच क्वचित् झाला. घटना मान्य होण्याच्या वेळीं जे नागरिक असतील त्यांसही अध्यक्षपद मोकळें ठेवलें होतें. तसें करणें भागच होतें. घटनेवर सही करणारा हॅमिल्टन वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावर जन्मला होता, जेम्स विल्सन हा स्कॉटलंडांत. पहिले सातही अध्यक्ष ब्रिटिश राजाची प्रजा म्हणूनच जन्माला आले होते. स्वातंत्र्यानंतर जन्मलेला पहिला अध्यक्ष व्हॅन ब्युरेन (जन्म १७८२) हा आठवा होय. विल्सननें तर परकी जन्माच्या माणसांवर घातल्या जाणाऱ्या अटींविरुद्ध सभेंत उघड नाराजी दाखविली होती. आपण ज्या घटनेची रचना करीत आहों तिच्याच अन्वयें अपात्र ठरण्याचा प्रसंग आपल्यावर यावा, हें त्याला झोंबलें. नव्या राष्ट्रांत पहिली पिढी नेहमीं अशीच असते. आईचें नांव मुलाच्या आधींचें असतें, आणि राष्ट्राचें मात्र पुष्कळदां नागरिकाच्या नंतरचें.

कायदेमंडळाच्या सभासदांसाठीं अमेरिकेनें जन्माची अट घातली नाहीं. प्रतिनिधिसभेस सात वर्षांचें व सेनेटास नऊ वर्षांचें नागरिकत्व पुरतें. मात्र नागरिक होण्याचीच वाट आमच्या लोकांस दीर्घ काळ बंद होती. १७९० च्या कायद्यानें ती स्वतंत्र गोऱ्या माणसांसच खुली ठेविली, १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदी मनुष्य त्या व्याख्येंत बसत नाहीं असा निकाल झाला, आणि १९४६ च्या कायद्यानें ती अडचण दूर झाली. त्यानंतर दलीपसिंग सौंद १९४९ च्या डिसेंबरांत नागरिक झाले, १९५० सालीं न्यायाधीशाच्या जागेवर निवडूनही आले. पण निवडीच्या वेळीं नागरिकत्वास वर्ष पुरें झालें नव्हतें म्हणून ती जागा त्यांस मिळाली नाहीं. १९५२ सालीं ते पुन्हा निवडून आले व १९५७ च्या जानेवारींत प्रतिनिधिसभेंत बसले. आपल्या बेळगांवचे श्री ठाणेदार १९७९ सालीं तिकडे गेले, १९८८ सालीं नागरिक झाले व २०२३ पासून मिशिगनतर्फे त्याच सभेंत आहेत. सात वर्षांची अट त्यांनीं केव्हांच ओलांडली. अध्यक्षपद मात्र जे याच्या त्या रेघेच्या पलीकडे.

आतां नक्कल पाहूं, आणि ती खरोखर नक्कल आहे काय हेंही पाहूं. आमच्या घटनेच्या ५८ व्या कलमांत राष्ट्रपतीस पस्तीस वर्षें वय व नागरिकत्व एवढें पुरें आहे. ८४ व्या कलमांत लोकसभेस पंचवीस व राज्यसभेस तीस वर्षें. पस्तीस, तीस, पंचवीस हे तिन्ही आंकडे अमेरिकेच्या अध्यक्ष, सेनेट व प्रतिनिधिसभा यांच्या आंकड्यांशीं तंतोतंत जुळतात. हा योगायोगही असूं शकेल. परंतु घटनेचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेस जाऊन आले होते व तेथील न्यायमूर्तींशीं त्यांची चर्चा झाली होती, तेव्हां अमेरिकेची प्रत समोर होती हें निर्विवाद. मग असें पाहा : वय तिन्ही ठिकाणीं जुळतें, आणि जन्माची अट, नऊ वर्षांची अट, सात वर्षांची अट या तिन्ही ठिकाणीं नाहींत. नक्कल करणाऱ्याचा डोळा एका ओळींत चुकतो. तीन निरनिराळ्या कलमांत, नेमका त्याच जातीचा मजकूर, आणि शेजारचे आंकडे शाबूत ठेवून तो चुकत नाहीं. एवढ्यावरूनच हा प्रमाद नसून हेतु आहे असा आमचा निर्णय होतो.

याला दुसरा पुरावा आहे. त्याच प्रवासांत राव डब्लिनासही गेले होते व डी व्हॅलेरा यांस भेटले होते. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेंत अध्यक्षास वयाची पस्तिशी व नागरिकत्व एवढीच अट आहे, जन्मस्थानाची नाहीं. आमचें ५८ वें कलम या आयरिश पाठाच्या अधिक जवळचें दिसतें. तिकडे ती अट असती तर मौजच झाली असती, कारण त्या घटनेचे कर्ते डी व्हॅलेरा स्वतः न्यूयॉर्क शहरांत १८८२ सालीं जन्मले होते. पुढें १९५९ पासून १९७३ पर्यंत आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष तेच. तेव्हां ‘मूळ प्रतींतला शब्द गळाला’ असें म्हणणारानें आधीं मूळ प्रत कोणती तें ठरवावें. दोन शाखा असतां एकीचेंच प्रामाण्य गृहीत धरणें पाठचिकित्सेस संमत नाहीं.

तिसरा पुरावा घटनेच्या पोटांतलाच आहे, आणि आम्हांस तो सर्वांत बळकट वाटतो. ‘जन्मस्थान’ हा शब्द घटनाकारांस ठाऊक नव्हता असें नाहीं. १५ व्या कलमांत तो आहे, १६ व्या कलमांतही आहे. दोनही ठिकाणीं तो निषेधासाठीं आला आहे : केवळ जन्मस्थानावरून नागरिकानागरिकांत राज्यानें भेद करूं नये, सरकारी नोकरीस कोणास अपात्र मानूं नये. ज्या लेखणीनें हा शब्द तेथें लिहिला, तिला ५८ व्या कलमाशीं येतां तो आठवला नाहीं हें संभवत नाहीं. हीं कलमें राष्ट्रपतिपदास सरळ लागू नाहींत हें आम्ही जाणतों. आमचा मुद्दा लेखकाच्या शब्दसंग्रहाचा आहे.

असें असलें तरी त्या सभेंत या मोकळेपणाबद्दल कोणी चिंता केलीच नाहीं असें मात्र नव्हे, आणि चिंता करणारा गृहस्थ आमच्याच बाजूचा होता. अमरावतीकडील डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं ऑगस्ट १९४९ मध्यें नागरिकत्वाच्या कलमावर कडक टीका केली. या कलमानें भारताचें नागरिकत्व जगांत सर्वांत स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. मुंबईस विमान उतरलें, तेवढ्यांत एखाद्या परकी बाईस मूल झालें, तर तेंही नागरिक व्हावें काय, असें त्यांनीं विचारलें. यांतली गंमत वाचकांनीं लक्षांत घ्यावी. १९४९ सालीं पंजाबरावांस भय वाटत होतें तें इथें जन्मलेल्याचें. नुसता जन्म हें नागरिकत्वाचें फार तकलादू माप आहे, असा त्यांचा रोख होता. पन्नास वर्षांनीं १९९९ च्या पत्रानें त्याच जन्मास सर्वोच्च माप ठरविलें. डॉ. आंबेडकरांनीं त्या वेळीं सांगितलें होतें कीं हीं कलमें घटनारंभीच्या स्थितीपुरतीं आहेत, पुढील कायदा संसदेनें करावा. तो १९५५ सालीं झाला. त्यान्वयें आज अर्ज करून नागरिक होऊं इच्छिणाऱ्या परक्यास सामान्यतः लगतचें एक वर्ष व त्यापूर्वींच्या चौदा वर्षांपैकीं अकरा वर्षें येथें काढावीं लागतात, आणि आठव्या अनुसूचींतील एक भाषा पुरेशी यावी लागते. मराठी त्यांत आहे. अमेरिकेंत पांच वर्षें पुरतात. सारांश, दार उंबऱ्यापाशींच अरुंद केलेलें आहे. आंत आलेल्यास माजघरापर्यंत जाऊं द्यावयाचें कीं नाहीं एवढाच प्रश्न उरतो.

तिसरी कसोटी, शब्द आंत घेतल्यास जुळतो कीं नाहीं. ‘भारताच्या भूमींत जन्मलेला’ म्हटलें कीं पहिला प्रश्न, कोणती भूमि ? पत्र लिहिलें गेलें तेव्हां देशाचे गृहमंत्री लालकृष्ण अडवाणी कराचींत जन्मलेले होते. त्याच्या आदल्याच वर्षापर्यंत पंतप्रधान असलेले इंद्रकुमार गुजराल झेलमचे. पुढें २००४ सालीं जे पंतप्रधान झाले ते मनमोहन सिंग पश्चिम पंजाबांतील गाह गांवचे. मागणीचे समर्थक म्हणतील कीं यांसाठीं ‘अविभक्त हिंदुस्थान’ असा अपवाद लिहितां येईल. बरोबर, तो अमेरिकेच्या अपवादाचाच भाऊ होईल. पण १९३५ च्या कायद्यांतील हिंदुस्थानच्या व्याख्येंत गोवा येत नाहीं. २० डिसेंबर १९६१ पूर्वीं गोव्यांत जन्मलेला मनुष्य जन्मला तो पोर्तुगीज प्रजा म्हणून. १९६२ च्या नागरिकत्व आदेशानें, एका महिन्याच्या आंत तसें लिहून नाकारलें नाहीं तर, तो व त्याची संतति भारतीय ठरली. (एका पाद्रीबाबांनीं तसें लिहून दिलें व पुढें येथेंच राहण्याचा हट्ट धरला, तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६९ सालीं निकालांत निघाला.) आपल्या पेडण्याचे भाऊसाहेब बांदोडकर, म्हापशास १९५५ सालीं जन्मलेले मनोहर पर्रीकर, हे काटेकोर कायद्याच्या अर्थानें जन्मतः भारताचे नागरिक नव्हते. देशाच्या सेनेचें खातें २०१४ पासून २०१७ पर्यंत ज्यांच्याकडे होतें त्या पर्रीकरांस जे याची रेघ आडवी आली असती ! तेव्हां गोव्यासाठीं दुसरा अपवाद, सिक्कीमसाठीं तिसरा. अपवाद वाढत जाऊन शेवटीं ज्या एका व्यक्तीसाठीं नियम केला तीच नियमांत उरते. अशा पाठास आम्ही प्रक्षेप म्हणतों.

आमच्या गोंदियाकडे तर भूमीचा प्रश्न घराघरांतला आहे. सालेकसा व देवरीच्या पूर्वेस डोंगर ओलांडला कीं १९४७ पर्यंत खैरागड व नांदगांव हीं संस्थानें लागत. डोंगरगड हें खैरागड संस्थानांत होतें. तेथें जन्मलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीनें ब्रिटिश प्रजा नव्हे, ‘संरक्षित’ मात्र. अशांस ब्रिटिश हिंदुस्थानांत सरकारी पद धारण करतां यावें म्हणून कायद्यांत निराळी तरतूद करावी लागली होती. आणि डोंगरगडकडील मुलगी आमगांवच्या घरीं सून म्हणून आली, कीं १९१४ च्या कायद्यान्वयें विवाहाबरोबर ती ब्रिटिश प्रजा होई. तिला हें कोणी सांगितलें नाहीं, तिनेंही विचारलें नाहीं. आगगाडीनें कांहीं स्टेशनें पार करतांना तिचें राष्ट्रीयत्व बदललें होतें. सून परकी कीं घरची, हा निकाल आमच्याकडे सरकारनें कधींच दिला नाहीं, सासरनें दिला. पण योगायोगानें कायदाही त्याच अंगास होता.

येथवर आम्ही पत्राच्या विरुद्ध लिहिलें. त्याची जी बाजू बळकट आहे ती सांगितल्यावांचून परीक्षण पुरें होत नाहीं, आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनीं तरी ती विसरूं नये. जे यानें सेनाधिपत्याविषयीं लिहिलें त्या सुमारास महादजी शिंद्यांचे कंपू सव्हायचा डी बॉयन उभे करीत होता. त्याच्यामागून १७९६ च्या सुमारास पेरॉन या फ्रेंचाकडे तें सेनाधिपत्य आलें, आणि दुआबांतला मोठा मुलूख त्याच्या हातीं राहिला. १८०३ सालीं युद्ध सुरू होतांच इंग्रजांनीं जाहीरनामा काढून मराठ्यांच्या चाकरींतील ब्रिटिश प्रजाजनांस परत बोलाविलें; पुष्कळ गेले. ४ सप्टेंबरास अलीगड पडलें. तो किल्ला घेतांना इंग्रजांस वाट दाखविणारा ल्यूकन हाही शिंद्यांच्या चाकरींतून फुटलेला परदेशी होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत पेरॉन आपली पुंजी सांभाळून इंग्रजांच्या आश्रयास गेला. आणि १ नोव्हेंबरास लासवारीस, अधिकारी निघून गेलेल्या त्याच पलटणी अशा लढल्या कीं सेनापति लेक यानेंही त्यांची वाखाणणी केली. ही हकीगत वाचून ज्यास जे याचें पत्र पटणार नाहीं तो इतिहास वाचीत नाहीं, असें आम्ही म्हणूं.

परंतु पेरॉन हा नागरिक नव्हता, चाकर होता. त्यानें आपली मूळ निष्ठा सोडली नव्हती, कोणी ती सोडावयास सांगितलीही नव्हती. करार संपला, पगार थकण्याचीं चिन्हें दिसलीं, तो गेला. आमच्या घटनेनें नेमकी हीच फट बुजविली आहे. १०२ व्या कलमान्वयें परराष्ट्राचें नागरिकत्व स्वखुषीनें घेतलेला किंवा परराष्ट्राशीं निष्ठा बांधलेला मनुष्य संसदेचा सभासदच राहूं शकत नाहीं. जे याचें भय खरें होतें. त्यावर त्यानें जो उपाय काढला तो जन्माचा, आणि आमच्या घटनेनें काढला तो निष्ठेचा. पेरॉनास अडविण्यास दुसराही पुरता. उलट, निव्वळ परक्या जन्माचा कारभार याच भूमीनें पाहिला आहे. १८१८ सालीं कामठ्याच्या चिमणा पटलानें आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूनें शस्त्र उचललें, त्याचा पाडाव झाला व जमीनदारी दुसऱ्या घराण्यास गेली. त्यानंतर रघूजी तिसरे यांच्या अज्ञानपणीं १८२६ पर्यंत नागपूरचा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या हातीं होता. वैनगंगेकांठचा मामलाही गोऱ्या अधिकाऱ्याकडेच. तेथें पात्रतेचें कलम कोणीं वाचून दाखविलें नाहीं. तलवारीच्या जोरावर येणाऱ्यास कलम अडवीत नाहीं. तें अडवितें तें फक्त मतांच्या वाटेनें येणाऱ्यास.

पदासाठीं ‘आपला’ कोण हें ठरविणारा एक देशी नियम मराठी मुलखांत प्रत्यक्ष चालून गेला आहे, आणि १९९९ च्या वादांत त्याचें स्मरण कोणास झालेलें आम्हांस आढळलें नाहीं. तो म्हणजे हैद्राबादचा मुलकी नियम. निजामाच्या १९१९ च्या फर्मानानें संस्थानची नोकरी मुलक्यांस राखून ठेविली. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठी जिल्हे त्यांत येत. मुलकी कोण ? जन्मानें संस्थानची प्रजा असलेला. पंधरा वर्षें कायम राहून, परत जाण्याचा विचार सोडल्याचें प्रतिज्ञापत्र देणारा. ज्याच्या जन्मकाळीं बापाची संस्थानांत पंधरा वर्षें नोकरी झाली होती असा. आणि मुलक्याची बायको. शेवटचें कलम पुन्हा वाचावें. ज्या राज्यास कोणी उदारमतवादी म्हणणार नाहीं, त्याच्या नियमानेंही विवाहानें आलेल्या स्त्रीस घरची मानलें होतें, आणि तेंही पदाच्याच प्रयोजनासाठीं. जन्म, रहिवास व विवाह हीं तिन्ही दारें एकाच वाड्यांत उघडत होतीं. नियमाचा पुढचा इतिहास मात्र उत्साहवर्धक नाहीं. खोट्या मुलकी दाखल्यांचा सुळसुळाट झाला, १९५२ सालीं हैद्राबादेंत त्यावरून चळवळ पेटली व गोळीबार झाला. माणसाची निष्ठा दाखल्यावर उतरवूं गेलें कीं दाखल्याचा बाजार उभा राहतो, हें त्यांतून दिसतें. गोंदियापुरतें बोलावयाचें तर येथील सार्वजनिक जीवनांत ज्यांचें नांव सर्वतोमुखीं आहे ते माजी आमदार मनोहरभाई पटेल गुजरातेंतून आलेल्या घराण्यांतले, आणि त्यांचे पुत्र प्रफुल्ल पटेल यांचा जन्म कलकत्त्याचा. जुन्या गांवगाड्यांत त्यांस उपरी म्हटलें असतें. येथें त्यांच्याकडे मिराशीचा कागद कोणी मागितला नाहीं.

पत्राचें पुढें काय झालें तें थोडक्यांत नोंदवितों. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरांत महाराष्ट्रांत दोनही पक्षांनीं मिळून मंत्रिमंडळ बनविलें. सोनिया गांधी यांच्या नागरिकत्वास अमेठीच्या निवडणुकीच्या निमित्तानें आव्हान देणाऱ्या अर्जांवर सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २००१ मध्यें निर्णय दिला; आवश्यक तपशील नाहीं म्हणून ते फेटाळले गेले. न्यायमूर्ति वेंकटाचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटनापरीक्षण आयोगानें २००२ च्या अहवालांत हा प्रश्न राष्ट्रव्यापी चर्चेनंतर राजकीय वाटेनें तपासावा एवढेंच म्हटलें. आयोगाचे एक सभासद संगमा यांनीं याच प्रश्नावरून राजीनामा दिला. २००४ सालीं सोनिया गांधींनीं पंतप्रधानपद स्वीकारलें नाहीं, आणि ज्या आघाडीच्या त्या अध्यक्षा होत्या तिच्या सरकारांत पवार व प्रफुल्ल पटेल हे मंत्री झाले. तिघांपैकीं संगमांनीं तेवढी त्या शब्दाची पाठराखण पुढेंही कांहीं काळ केली. त्यांचें मत आम्हांस मान्य नाहीं, तथापि आपल्या सहीची किंमत त्यांनीं दिली हें नमूद करणें न्यायाचें आहे. घटनेच्या ५८ व्या कलमांत ‘जन्मसिद्ध’ हा शब्द आजही नाहीं.

एक विनंति करून हें टिपण पुरें करतों. नांदेड, परभणी, बीड येथील जुन्या घरांत मुलकी दाखले व त्यांसोबतचीं प्रतिज्ञापत्रें अजून असण्याचा संभव आहे. विशेषतः चौथ्या कलमान्वयें स्त्रियांच्या नांवें निघालेले दाखले आम्हांस पाहावयाचे आहेत. तसेच खैरागड व नांदगांव संस्थानांतून भंडारा जिल्ह्यांत नोकरीस आलेल्यांचे नेमणुकीचे हुकूम कोणापाशीं असल्यास त्यांनीं अस्सल आपल्याजवळच ठेवून त्याची छायाप्रत मंडळाकडे धाडावी. कागद पन्नास वर्षांच्या आंतला असला तरी चालेल.